येळवशीला उठून दाखवीन

सकाळी उठायचं म्हणजे माझ्याकडे रोज एक सभाच भरते. आधी पाठीला विचारायचं, काय बाई, आज कसं काय? पाठ बरं म्हणाली की मग गुडघ्यांची मनधरणी. उजवा गुडघा तसा शहाणा आहे, सांगितलेलं ऐकतो. डावा मात्र मागच्या बाकावरचा. जन्मभर मी खेड्यापाड्यांच्या शाळांत बाई होते. मागच्या बाकावरची पोरं सरळ करण्यात हयात गेली आणि आता माझाच गुडघा मला दाद देईना. त्याला रागावून काही उपयोग नाही हे मला कळतं. तरी रागावते, कारण कुणावर तरी ओरडल्याबिगर मला सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

पलंगाच्या पायथ्याशी, खिडकीच्या गजाला मी बैलाचा कासरा बांधून ठेवलाय. मालक होते तेव्हा दावणीला बैलजोडी होती. मालक गेले, बैल गेले, शेत बटईनं दिलं, पण कासरा काही मी कुणाला दिला नाही. दोन्ही हातांनी तो धरायचा, दात खायचे आणि उठून बसायचं. त्याला बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळही अडकवलीय. ती वाजली की भिंतीपलीकडं शेजारीण चहाला आधण ठेवते. एखाद्या दिवशी माळ वाजायला उशीर झाला तर ती भिंतीवर लाटणं आपटते.

"बाई, हायेत का गेलात?"

"हाय!"

"मग उठा की! च्याचा काढा होऊन राहिला इथं."

ह्या शेजारणीला मी आक्का म्हणते. माझ्यापेक्षा थोरली, अंगानं काटकुळी, तोंडानं लई फाटकी. कमरेत वाकून जमिनीवरचं शितसुद्धा उचलते, पण दोन्ही खांदे असे आखडलेत की हात कानाच्या वर जात नाहीत. माझं उलटं. माझे हात छताचं जाळं काढतील, पण खाली पडलेली वस्तू म्हणजे मला परदेशच. म्हणून आम्ही दोघींनी मिळून एक धड माणूस केलंय. मी तिची वेणी घालते, झंपराच्या बाह्या चढवून देते, फळीवरचे डबे काढून देते. ती माझ्या घरात खाली पडलेलं सगळं गोळा करते आणि आठवड्याला माझ्या पायाची नखं काढते. नखं काढताना तिचं भाषण असतं.

"ही नखं हायेत का नांगराचा फाळ? एवढी शिकलेली बाई, पाय बगा की जरा आपले."

"बघितले असते तर तुला कशाला बोलावलं असतं गं?"

बाकीची व्यवस्था माझी मी केलीय. पायमोजे घालायला उलथनं लागतं. न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची आहे. भाकरीच्या चिमट्यानं मी पलंगाखालची चप्पल ओढून काढते, आणि तोच चिमटा भाकरीलाही वापरते का असं सुनेनं एकदा विचारलं, तर मी म्हटलं, तुझ्या भाकरीला वापरते. देव पूर्वी खाली पाटावर होते. त्यांना हात जोडून सांगितलं, आता मी काही खाली येत नाही, तुम्हीच वर या. तेव्हापासून देव टेबलावर आहेत आणि त्यांची काही तक्रार आलेली नाही.

अहमदपूरच्या डॉक्टरनं मांड्या बळकट करायला सांगितलं. खुर्चीत बसून पायाला वजन बांधायचं आणि पाय सरळ वर उचलायचा, म्हणाले. मी घोट्याला तुरीच्या डाळीची पिशवी बांधते. संध्याकाळी वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून गुडघ्याला शेक, वर निरगुडीचा पाला. सगळ्या घराला औषधाचा वास येतो. आक्का म्हणते, बाईच्या घरी मांजरसुद्धा येईना आता. येईना का, मला तरी कुठं मांजर पाहिजे होतं.

असं आमचं बरं चाललं होतं. विघ्न आलं ते लातूरहून.

माझा लेक लातूरला बँकेत आहे. रोज सकाळी व्हिडिओ कॉल करतो, म्हणजे हजेरीच घेतो. मी मोबाईल डब्याला टेकवून ठेवते आणि ताठ बसते. त्याला नुसता चेहरा दिसतो, म्हणजे काळजीच वाटू नये. आक्का बाजूला अर्धी वेणी सोडून गुपचूप बसलेली असते. तो विचारतो, गुडघा कसा आहे? मी म्हणते, कुठला गुडघा? मग त्याला वाटतं आई खुशाल आहे. निदान दिवाळीपर्यंत वाटत होतं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी मेथी निवडायला खाली बसले. का बसले म्हणून विचाराल तर उत्तर नाही. मेथी खाली बसून निवडायची असते हे हातापायांना लहानपणापासून ठाऊक, डोक्याला न विचारता ते बसून मोकळे. मेथी निवडून झाली आणि उठायला गेले तर डावा गुडघा म्हणाला, न्हाई. पलंग हातभर लांब, कासरा त्याच्या पलीकडं. आक्का तिच्या लेकीकडं लोह्याला गेलेली. मी हाक मारली नाही, कारण गल्लीतल्या बायांनी येऊन मला उचललं असतं आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात झालं असतं. म्हटलं, बसू. बसायला काय जातंय.

ऊन भिंतीवर चढलं तरी मी बसलेलीच. आणि नेमका त्याच दिवशी लेक न सांगता आला. कर्जाच्या कामाला कुठल्याशा गावाला आला होता म्हणे, वाकडी वाट करून माझ्याकडं. दारात उभा राहून बघायला लागला.

"आई, खाली बसून काय करून राहिलीस?"

"ध्यान."

"मेथीची जुडी मांडीवर घेऊन?"

त्यानं काखेत हात घालून मला उचललं, पलंगावर बसवलं, पाणी दिलं. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडणात मी कुणाला ऐकत नाही. पण तो खाली सांडलेली मेथी गोळा करत बसला. जाताना म्हणाला, "येळवस झाली की तुला लातूरला न्यायचं. इथं आता एकटं ठेवणार न्हाई."

लातूरला त्याचा फ्लॅट मोठा आहे, लिफ्ट आहे, सून वाईट नाही. पण मी तिथं राहून आलेली आहे. त्यांच्या सोफ्यात बसलं की माणूस आत जातं, आणि मला बाहेर काढायला नवरा-बायको दोघांना यावं लागतं. पाण्याचा ग्लास मागायच्या आधी हातात. चहा मी करायचा नाही, भाजी मी चिरायची नाही, न्हाणीचं दार आतून लावायचं नाही. तिथं माझी सेवा करून करून त्यांनी मला आजारी पाडलं होतं. इथं मला दुखतं खुपतं, पण दिवसभर काहीतरी करून राहते. तिकडं निस्ती ठेवलेली असते. आणि मी गेले तर आक्काची वेणी कोण घालणार? तिचा लेक हैदराबादेत. लोह्याची लेक चांगली आहे, पण तिच्या घरात तिची सासूच अजून धडधाकट.

हे सगळं त्याला नीट सांगायचं होतं. पण माझं तोंड. मी काय म्हणाले तर, "मला काय धाड भरलीय? येळवशीला पंगतीत बसून दाखवीन, आणि कुणाचा हात न धरता उठून दाखवीन!"

तो थांबला. "खरंच?"

"खरंच."

"उठलीस तर विषय बंद. मी पुन्हा काढणार न्हाई. न्हाई उठलीस तर सामान बांधायचं."

"हाव. जा."

तो गेला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. दुसरं काही कबूल करायचं होतं. जिना चढून दाखवते म्हणायचं, अहमदपूरला एकटी एसटीनं जाऊन येते म्हणायचं. येळवस कामून काढली मी?

लांबच्या लोकांना सांगते, आमच्याकडची येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळं गाव शेतात. रब्बी उभी असते. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, म्हणजे छोटी झोपडी. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा झाली की काळ्या मातीवर पंगत. कडधान्यं नि पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, पिठाचे उकडलेले उंडे, बाजरीची भाकरी, खीर आणि माठभर आंबील. शेत असो नसो, कुणीही त्या दिवशी उपाशी राहत नाही. बांधावरून जाणाऱ्याला हाताला धरून बसवतात.

आणि त्या पंगतीला खुर्ची नाही. हा नियम आमच्या शेतात मीच केलेला. एका वर्षी एक व्याही प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले होते, तर मी त्यांना सगळ्यांदेखत म्हटलं होतं, पांडव खाली बसलेत आणि तुम्ही वर बसणार? बिचारे खाली बसले आणि उठताना जावयानं ओढून काढले. त्यावर मी पोट धरून हसले होते. आता मी खुर्ची नेली असती तर ते व्याही मुद्दाम बघायला आले असते.

आक्काला सांगितलं तर तिनं आधी मला मनसोक्त शिव्या घातल्या. मग म्हणाली, "चला, शिकू."

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. जेवणं झाली की माझ्या घरात घोंगडी अंथरायची, दाराला कडी लावायची आणि मी खाली बसायचं. बसणं सोपं होतं, शेवटची वीतभर मी सरळ पडायचेच. उठणं जमेना. भिंत धरून बघितली, पेटी धरून बघितली. पेटी माझ्याबरोबर सरकत दारापर्यंत आली. आक्का समोर उकिडवी बसून, तंबाखू मळत, मुकादमासारखी बघायची.

"बाई, तुमी चुकून राहिलात," ती एके दिवशी म्हणाली. "तुमी डोकं आधी उचलून राहिलात. आमची म्हैस बगा. म्हैस बुड आधी उचलती. डोकं मागनं येतंय."

"मी काय म्हैस आहे का?"

"म्हैस तरी उठती."

मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही, वेणी घातली पण बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या गोठ्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हैस खरंच तशी उठत होती. आधी पुढचे गुडघे टेकले, मग मागचा डोलारा वर, मग सावकाश एकेक पाय. घाई नाही, लाज नाही, कुणाकडं बघणं नाही. उठून झाल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं, तेवढंच.

मग मी तसंच केलं. कुशीवर वळायचं, हात टेकायचे, गुडघे टेकायचे, डावा गुडघा ओरडला तर ओरडू द्यायचा, खाली घोंगडीची घडी द्यायची. मग उजवं पाऊल पुढं रोवायचं, दोन्ही हात उजव्या मांडीवर, बुड वर आणि मग डोकं. डाळीच्या पिशवीनं मांडीत जोर आला होता. एक दिवस उठले. कुणाचा हात नाही, पेटी नाही, भिंत नाही. आक्कानं टाळ्या वाजवल्या, जेवढे हात उचलतील तेवढ्या. मला रडूच आलं. ह्या वयात उभं राहता आलं म्हणून रडायचं म्हणजे काय तमाशा, पण आलं.

मग आरशासमोर करून बघितलं आणि माझा सगळा आनंद उतरला. आरशात एक म्हातारी चार पायांवर होती. तोंड लाल, बुड छताकडं, पातळ पोटरीपर्यंत वर. गावातली निम्मी माणसं माझ्या हाताखाली शिकलेली. ज्यांना मी ताठ बसा, ताठ उभे राहा म्हणून छड्या मारल्या, ते माझे विद्यार्थी आता बापे झालेत, आणि त्यांच्या पुढं मी म्हशीसारखी उठायचं? सुनेपुढं? लेकापुढं? छे. त्यापेक्षा लातूरचा सोफा बरा.

"मग सगळ्यांनी डोळे झाका म्हणावं," आक्का म्हणाली.

"झाकतील का?"

"झाकतील की. आंबील पेलेलं माणूस डोळे उघडं ठेवतंय का?"

मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं.

आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून, शिजवून, लसूण-मीठ घालून केलेलं पातळ पेय. गार, आंबट, प्यायला हलकं. पण चार वाट्या पोटात गेल्या की माणसाचे डोळे असे जड होतात की झाडाला टेकून झोपतं. त्या वर्षी आमची आंबील आक्कानं केली. मुरवली जरा जास्तच. झाकण काढलं तर माझ्याच डोळ्यांवर झापड आली.

"पण त्यानं बघितलंच न्हाई तर तो मानल का?" आक्कानं विचारलं.

"मी उभी दिसले की झालं. उभं माणूस उठलेलंच असतं."

येळवशीला लेक आणि सून गाडी घेऊन सकाळीच आले. बांधापर्यंत गाडी, तिथून ढेकळातून मी काठी टेकत चालत गेले. हरभरा घाट्यांनी भरलेला, करडई काटे काढून उभी. बटईदारानं कोप झकास केली होती. पूजा झाली. आक्का पूजेच्या वेळी बाहेर उभी. ती बौद्ध, पांडवांशी तिचं देणंघेणं नाही. दरवर्षी म्हणते, दगड तुमचे, भज्जी माझी.

पंगत बसली. लेकानं माझ्यासाठी जागा केली आणि नेमका समोर बसला, परीक्षेला साहेब बसावा तसा. मी धपकन बसले. ओठ घट्ट मिटून बसले, म्हणून कण्हणं बाहेर आलं नाही. मग मी वाढायला घेतलं. वाढपी फिरत होते, पण आंबिलीचा माठ मी माझ्याजवळ मागून घेतला होता.

"घे."

"बास आई, दोन वाट्या झाल्या."

"पांडव किती?"

"पाच."

"मग दोघांच्या नावानं प्यालास, बाकीचे तिघं काय उपाशी बसणार?"

सून हसायला लागली. तो प्याला. मग त्याच्या बापाच्या नावाची झाली. मग बटईदारानं आग्रह केला, त्याला मी डोळ्यानं खुणावलं होतं. मग आक्का म्हणाली, "बाबा, लहानपणी माझ्या कडेवर मुतलास तू, माझ्या हातची एक वाटी न्हाई घेणार?" ह्यावर कोण नाही म्हणणार? त्यानं पॅन्टचा हूक सैल केला. त्यावर दोन उंडे आणि खीर. त्याचे डोळे आता मिटायला आले होते. मी स्वतः भाकरीचा चतकोर आणि भज्जी, बास. पोट हलकं ठेवायचं होतं.

जेवणं उरकली. सून बटईदाराच्या बायकोबरोबर हरभऱ्याचे डहाळे उपटायला गेली. बापे चिंचेखाली लवंडले. लेक म्हणाला, "आई, पाचच मिनिटं पाठ टेकतो. मी उठल्यावर तू उठ. माझ्यासमोर." आणि कोपीच्या सावलीत आडवा झाला, उपरणं तोंडावर घेतलं. थोड्या वेळानं घोरायला लागला. आक्का चवड्यांवर जाऊन बघून आली.

"गेला. उठा."

मी कुशीवर वळले. हात टेकले, गुडघे टेकले. घरात घोंगडी होती. इथं ढेकळं. डाव्या गुडघ्याखाली एक ढेकूळ असं आलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले. तरी उजवं पाऊल पुढं रोवलं, जोर लावला आणि मानेला हिसका बसला. पदर गुडघ्याखाली अडकला होता. मी पुन्हा चौपायी. पदर ओढायला हात काढावा तर तोल जातोय, गुडघा उचलावा तर उचलत नाही. आक्का खाली वाकून पदर ओढायला लागली आणि तिला हसू फुटलं. तोंडात पदर कोंबून हसत होती.

"हसू नको गं! मला हसवू नको, ह्या वयात हसणं धोक्याचं असतंय."

पदर सुटला. पण माझा दम गेला. गुडघा ठणकायला लागला, आणि मी तशीच चार पायांवर मातीकडं बघत राहिले. माझ्या मनात आलं, झालं, संपलं. आता सोफा. आता आतून न लावलेलं न्हाणीचं दार. इतकी भीती मला मालक गेले तेव्हाही वाटली नव्हती. डोळ्यांतून पाणी मातीवर पडलं. आक्काचं हसू थांबलं. तिला मला उचलता येत नव्हतं, खांदे तसले. ती माझ्यासमोर मातीत बसली, तोंडासमोर तोंड आणून.

"बटईदाराला हाक मारू का?"

"नको."

"मग उठा, बाई." ती अगदी हळू म्हणाली, "तुमी गेलाव तर मला कोण विंचरील? मी डोकं भादरून घेईन बगा."

आक्काचं भादरलेलं डोकं माझ्या डोळ्यांपुढं आलं. मला रडता रडता हसू आलं, आणि त्या हसण्यातच कुठून जोर आला देव जाणे. उजवी मांडी, दोन्ही हात, बुड वर. एक घाणेरडी शिवी माझ्या तोंडून निघाली, जी शाळेत ऐकली असती तर मी पोराला बाकावर उभं केलं असतं. आणि मी उभी राहिले. पातळ झटकलं, पदर खोचला, डोळे पुसले, काठी हातात घेतली आणि कोपीजवळ जाऊन लेकाला काठीनं डिवचलं.

"ऊठ. किती झोपतोस?"

त्यानं उपरणं काढलं. डोळे लाल. माझ्याकडं खालून वर बघितलं.

"उठलीस?"

"कधीच. तू घोरत होतास. परीक्षेला झोपणाऱ्या साहेबाची तक्रार कुणाकडं करायची?"

मला वाटलं आता वाद घालेल, पुन्हा बस म्हणेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण तो उठून बसला, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "ठरल्याप्रमाणं विषय बंद. राहा."

आक्कानं तर तिथंच माझी दृष्ट काढून बोटं मोडली. मी अशी काही फुगले की संध्याकाळपर्यंत जमिनीवर पाय नव्हते. चिंचेखालच्या सगळ्यांना सांगितलं, लेकाला आंबिलीत बुडवला. सुनेलाही सांगितलं. ती हसली आणि मला एक डहाळा सोलून दिला.

दिवस मावळताना आम्ही घरी आलो. लेकाला रात्रीच्या आत लातूर गाठायचं होतं. सून गाडीत बसली. त्यानं गाडी सुरू केली, मग काच खाली करून मला जवळ बोलावलं. मी काठी टेकत गेले.

"आई, उठताना पदर आधी कमरेला खोचून घेत जा. गुडघ्याखाली अडकतोय."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं आणि कान तापले. संताप आला. म्हणजे ह्यानं सगळं बघितलं, माझं बुड, माझं रडणं, ती शिवी. आणि मग त्या उपरण्याखाली पडलेला तो मला दिसला, चार हातांच्या अंतरावर आई मातीत रडतेय आणि हा हलत नाही, हात देत नाही.

"घोरत होतास की तू," मी म्हणाले.

"हाव," तो म्हणाला. तो माझ्याकडं बघत नव्हता, समोर काचेकडं बघत होता. "घोरत राहणं लई जड गेलं, आई."

मी खिडकीतून हात घालून त्याचा कान धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.